सॉसेज बाहेरून कोळसा, आतून कुल्फी: गच्चीवरच्या शेगडीचं काय चुकतंय?

गच्चीवरचा
मंडळी, मदत हवी आहे. टिंगल चालेल, पण मदतीनंतर.

दर जानेवारीत आम्ही नाशिकजवळ सिन्नरकडे एका मित्राच्या शेतावर हुरड्याला जातो. यंदा त्याने ज्वारी पेरलीच नाही, सगळा कांदा लावला. मग बायकोला म्हटलं, थंडी आहे, गच्ची मोकळी आहे, आपण घरीच शेगडी पेटवू. सॉसेज आणि भाज्या भाजू. भांडीबाजारातून लोखंडी शेगडी आणि जाळी आणली, दोन किलो कोळसा आणला, चिकन सॉसेजची तीन पाकिटं फ्रीझरमध्ये टाकली. माणसं सात: बहीण, मेहुणे, दोन भाचे, सासूबाई आणि आम्ही दोघं.

आता फजिती. कोळसा पेटेना. तेलात भिजवलेले कागद खुपसले, तेव्हा एकदम ढणाढणा पेटला. सगळे भुकेले, त्यामुळे ज्वाळा दिसताच मी फ्रीझरमधली सॉसेज तशीच जाळीवर मांडली. आतपर्यंत शिजावीत म्हणून काट्याने टोचूनही ठेवली होती. दोन मिनिटांत काळी. चार फुटली, चरबी खाली गळली आणि पुन्हा भडका. शिगांवर ढोबळी, कांदा, टोमॅटो, मशरूम असं आलटून पालटून ओवलं होतं, फोटोत असतं तसं. टोमॅटो गळून निखाऱ्यात पडला, मशरूमची सुपारी झाली, ढोबळी कच्ची राहिली, कांद्याच्या पाकळ्या जाळीतून खाली. धाकट्या भाच्याने एक सॉसेज चावून जाहीर केलं, "मामा, बाहेरून कोळसा आणि आतून कुल्फी." शेवटी सगळं खाली नेऊन तव्यावर परतलं आणि पावात भरून खाल्लं.

एकच गोष्ट जमली. सासूबाई शाकाहारी. त्यांनी पिशवीतून आणलेलं भरताचं वांगं मी सगळं आवरल्यावर, विझत आलेल्या निखाऱ्यांवर ठेवून विसरून गेलो होतो. ते इतकं सुरेख भाजलं गेलं की बहीण जाताना फक्त त्याच्याबद्दल बोलली.

२६ जानेवारीला पुन्हा बेत आहे. या वेळी नऊ जण, त्यातले तीन शाकाहारी. अब्रू वाचवा.

पापडजाळी
रुमाल टाकून जागा धरून ठेवते. कुल्फीचं वाचून ऑफिसात फिस्सकन हसले, साहेबांनी वळून बघितलं.

शेगडीकाकू
अहो, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय. वांगं का जमलं? कारण ते निखाऱ्यावर होतं. ज्वाळेवर काही भाजत नाही, ते फक्त करपतं आणि वर काजळी धरते. भाजतो तो निखारा.

आधी सांगा, कोळसा कुठला आणलात? लाकडाचा लोणारी कोळसा हवा. दगडी कोळशाच्या धुराला गंधकाचा वास येतो आणि तो अन्नाला लागतो. तेलाचे कागद वगैरे नकोत. गोडेतेलाचा मोठा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही बाजू कापून नळकांडं करा, खालच्या कडेला चार-पाच भोकं पाडा. तळाशी कागदाचे बोळे, वर कोळसा, आणि कागदाला काडी. वारा खालून आपोआप ओढला जातो, फुंकत बसावं लागत नाही. अर्ध्या तासाने डबा पकडीने उचलून बाजूला करायचा. कोळशावर राखेची पांढरी साय धरली की मगच जाळी ठेवायची. या अर्ध्या तासात माणसांना काहीतरी चरायला द्या, नाहीतर तुमच्यासारखी घाई होते.

आणि सगळा कोळसा एका बाजूला लोटा. शेगडीचा निम्मा भाग रिकामा राहिला पाहिजे. जे करपायला लागेल ते रिकाम्या बाजूला सरकवायचं. धग कळायला तळहात जाळीच्या वर चार बोटं धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर अजून तापट आहे, पाच-सहा सेकंद तग धरला तर सॉसेजला योग्य.

एक महत्त्वाचं. गच्ची आहे म्हणून ठीक. वाचून कुणी बंद बाल्कनीत किंवा खोलीत कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

देवळालीकर
काकूंनी आगीचं सांगितलं, मी सॉसेजचं सांगतो. बालपण देवळाली कॅम्पात गेलं, आजूबाजूला पारशी आणि ख्रिश्चन घरं, त्यामुळे सॉसेज आमच्याकडे फॅड म्हणून आलं नाही. रविवारी शेजारून ताटलीतून यायचं.

पहिलं म्हणजे गोठलेलं सॉसेज जाळीवर ठेवणं हा गुन्हा आहे. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर तासन् तास नको.

दुसरं, पाकीट वाचा. आपल्याकडची बरीच चिकन सॉसेज आधी शिजवून मग गोठवलेली असतात, पण सगळी नाही. कच्चं असेल तर आधी पाण्यातून काढा. पातेल्यात पाणी तापवा, तळाशी बारीक बुडबुडे आले की आच कमी करून सॉसेज सोडा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. खळखळ उकळायचं नाही, उकळलं की फुटतात. पाण्यात चार मिरे, तमालपत्र आणि लसणाची ठेचलेली पाकळी टाकली तर वाईट नाही. मग पुसून कोरडी करा, तेलाचा हात लावा आणि जाळीवर फक्त रंग येईपर्यंत ठेवा. पाच-सहा मिनिटांत काम होतं.

तिसरं, टोचू नका! आवरण मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचं असतं, नाहीतर कोलॅजनचं. ते तापलं की आकसतं आणि आतल्या पाण्याची वाफ होते. हळूहळू तापवलं तर दोन्ही जुळवून घेतात, एकदम तापवलं तर फाटतं. टोचलं की रस आणि चरबी गळते, भडका उडतो आणि हातात चोथा उरतो. चिकनमध्ये मुळात चरबी कमी, त्यामुळे ते सगळ्यात आधी कोरडं पडतं.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर चिकनला आत ७४ अंश सेल्सिअस आणि डुकराच्या किंवा मटणाच्या खिम्याच्या सॉसेजला ७१. रंगावर जाऊ नका. नायट्राइट घातलेलं सॉसेज पूर्ण शिजलं तरी आत गुलाबीच दिसतं.

पापडजाळी
पण मी तर सुरीने तिरपे काप देते, मस्त फुलून येतात आणि मसाला आत जातो. माझी कधी कोरडी झाली नाहीत.

देवळालीकर
ताई, तुमची बिनआवरणाची आणि आधीच शिजलेली असणार. त्यांना काप चालतात, कारण तिथे फाटायला काही नसतं. आवरणवाल्या कच्च्याला देऊन बघा, मग बोलू.

मांडवीपार
गोव्याची लाल चोरीस, म्हणजे तिकडचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, कुणी जाळीवर ठेवायच्या विचारात असेल तर थांबा. ती व्हिनेगर, लाल मिरची आणि लसणात मुरवून वाळवलेली असते, चरबी भरपूर. थेट आचेवर ती चरबी सगळी कोळशात जाते. सोललेले मणी थोड्या पाण्यात भरपूर कांदा घालून शिजवायचे. शेगडीच्या कडेला लोखंडी कढई ठेवून केलंत तर चालेल. मीठ घालू नका, बटाटा घाला.

चिंगळी
निफाड तालुक्यातून नमस्कार. 😀 चारचौघांत कांद्याची अशी हेळसांड सहन होत नाही म्हणून लॉगिन केलं.

आत्ता जानेवारीत बाजारात लाल कांदा आहे, पाणी जास्त आणि पाकळ्या सुट्या. शिगेवर तो टिकत नाही. घरात गेल्या हंगामाचा उन्हाळी उरला असेल तर तो वापरा, घट्ट असतो. नसेल तर लाल कांदा उभा चिरू नका. बोटभर जाडीच्या गोल चकत्या करा आणि प्रत्येक चकतीत आडवी एक भिजवलेली बांबूची काडी खुपसा. पाकळ्या एकत्र राहतात, उलटायलाही सोपं.

आणि खरी चैन म्हणजे गोल्टी. बाजार समितीत जी लहान म्हणून वेगळी काढतात ती. सालासकट थेट राखेत पुरायची, वरून चार निखारे, पंचवीस मिनिटं. साल सोलली की आत लोण्यासारखा गोड कांदा. त्यावर मीठ आणि लिंबू, बस. आमच्याकडे लहानपणी चुलीत हेच चालायचं, ग्रिल हा शब्द आम्हाला माहीत नव्हता.

अस्सल_मावळा
काय हे पाश्चात्त्यांचं अनुकरण. आपल्याकडे हुरडा आहे, तिकडे अलिबागला मडक्यात शेंगा भाजायची पोपटी आहे, भरीत आहे. सॉसेज कशाला हवं?

शेगडीकाकू
हवं कारण भाच्यांना आवडतं. पुढे.

ताटलीभर
भाज्यांचं मी सांगते. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणते, त्यामुळे माझा अर्धा फ्रीज कायम भाजण्याच्या तयारीत असतो.

गच्चीवरचा, तुमची मुख्य चूक म्हणजे ती रंगीबेरंगी शीग. टोमॅटो तीन मिनिटांत मऊ पडतो, ढोबळीला दहा लागतात, कांद्याला त्याहून जास्त. एका शिगेवर ओवले की एक करपतो नाहीतर दुसरा कच्चा राहतो. एका शिगेवर एकच भाजी. वाढताना ताटात रंग जुळवा.

ढोबळी चिरूच नका. अख्खी, थेट निखाऱ्यांजवळ, साल काळी होईपर्यंत. मग पातेल्यात टाकून दहा मिनिटं झाकण. साल हाताने निघते आणि आतला गर गोड होतो. आपल्याकडे पॉलिहाऊसची लाल-पिवळी मिळते, ती यासाठी हिरवीपेक्षा चांगली. फ्लॉवरचे मोठे तुरे मिठाच्या पाण्यात तीन मिनिटं उकळून मग जाळीवर. मशरूम अख्खे, देठासकट, आणि आधी तेलाचा हात, नाहीतर सुपारीच होणार. गाजर उभं अर्धं करून, रिकाम्या बाजूला, शांतपणे. टोमॅटो जाळीवर ठेवूच नका. अर्धे करून लोखंडी तव्यात कापलेली बाजू खाली, तवा शेगडीवर. पिंपळगावच्या टोमॅटोला आग लागलेली बघवत नाही.

मीठ शेवटी. आधी लावलं की पाणी सुटतं आणि भाजी भाजायच्या ऐवजी वाफवते. लावायला बाटलीतला सॉस नको. हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचं तेल, लिंबू आणि चिमूटभर जिरेपूड एकत्र करून ठेवा आणि भाजी उतरल्यावर गरम असतानाच चोळा.

तीन शाकाहारी आहेत म्हणालात, तर दुसरी जाळी आणि दुसरा चिमटा घ्या. शंभर-दीडशेचा प्रश्न आहे, उगाच कुणी ताटाशी बसून अवघडायला नको. भाज्या आधी, सॉसेज नंतर.

गच्चीवरचा
ताई, शीग हा माझा अभिमान होता. असो. एक विचारायचं होतं, आमच्या ओळखीत गिरणाऱ्याकडे द्राक्षबागवाले आहेत. द्राक्षाच्या काड्या जाळून त्यावर भाजतात असं ऐकलं. फुकट मिळतील. आणू का?

द्राक्षबाग
बागवाला म्हणून सांगतो, नका आणू.

ऑक्टोबरच्या गोड छाटणीच्या काड्या पेन्सिलीएवढ्या, त्यांचा जाळ मिनिटात येतो आणि मिनिटात जातो, निखारा उरत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीचं लाकूड त्याहून जाड. बाग मोडली की निघणारी खोडं तर सुंदर जळतात, आमच्या पाण्याच्या बंबाला तीच. पण आम्ही हंगामभर फवारण्या घेतो. बुरशीसाठी मारतो त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं सालीवर बसलेलं असतं, बाकीची औषधं वेगळी. त्या धुरात शिजवलेलं मी माझ्या पोरांना देत नाही.

देवळालीकर
फ्रान्सात बोर्डो भागात वेलीच्या काड्यांवर मांस भाजतात, ती तिकडची खासियत आहे.

द्राक्षबाग
हो, आणि बोर्डो मिश्रणही १८८५ च्या सुमारास तिकडचंच. 😀 त्यांचं ते बघतील. मी माझ्या बागेचं फवारणीचं रजिस्टर रोज लिहितो, म्हणून माझं मत असं.

काड्या नकोत, पण द्राक्षं न्या. इटलीत उंब्रियाकडे सॉसेज आणि द्राक्षं एकत्र शिजवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं. मग घरी करून बघितलं. लोखंडी तव्यात सॉसेजला रंग आणायचा, तेल-चरबी सुटली की त्यात दोन मुठी मणी टाकायचे, थोडी मिरपूड, थोडं व्हिनेगर किंवा लिंबू. मणी फुटून रस आटला की उतरवायचं. काळी शरद सीडलेस असेल तर उत्तम, थॉमसन जास्त गोड वाटली तर लिंबू वाढवा. जानेवारीत आगाप, म्हणजे लवकर आलेल्या बागेचा माल थोडा आंबटसर असतो, तो इथे उलट बरा. घडातून सुटलेले मणी स्वस्तात मिळतात, निर्यातीचा घड तव्यात टाकू नका, माझा जीव तुटेल.

गोळीबंद
सगळ्यांचा विरस करायचा नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे तो गट तंबाखूचा असला तरी धोका तंबाखूइतका असं नाही. तरी वर्षातून चारदा खाणं आणि पोरांच्या डब्यात रोज देणं यात फरक करा. काळं करपलेलंही काढून टाका.

ताटलीभर
म्हणूनच म्हणते, नऊ जणांना तीन पाकिटं कशाला? सॉसेज फोडणीसारखं वापरा. माणशी एक, चकत्या करून भाज्यांत टाकायचं. त्याची चरबी आणि खारटपणा भाजीला लागला की काम झालं. पोट भाजीने, भाकरीने आणि गोल्टीने भरू दे.

अस्सल_मावळा
हे मान्य.

गच्चीवरचा
२७ जानेवारी. उठलोय, अंगाला अजून धुराचा वास आहे. वृत्तांत देतो.

तेलाच्या डब्याची चिमणी केली. पत्रा कापताना अंगठ्याला लागलं, पण कोळसा पंचवीस मिनिटांत पेटला, एकदाही फुंकावं लागलं नाही. मेहुणे खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले आणि उठेनात. या वेळी मी काहीही जाळीवर ठेवण्याआधी सगळ्यांना भेळ दिली. हात धरून सेकंद मोजायचा खेळ भाच्यांनी केला, धाकटा सात म्हणाला, पण तो फसवत होता.

भाज्या आधी, वेगळ्या जाळीवर. दोन लाल ढोबळ्या अख्ख्या काळ्या केल्या. बायको म्हणाली, या टाकून द्या. साल सोलल्यावर तीच बोटं चाटत होती. फ्लॉवर झकास. गाजर मात्र मी विसरलो, दोन सळ्यांचा कोळसा झाला. कणसंही आणली होती, पण ती जून निघाली, त्यात कुणाचा दोष नाही.

गोल्टी! चिंगळी, तुम्हाला साष्टांग. वीस टाकल्या होत्या, मोठ्या भाच्याने एकट्याने सात खाल्ल्या. राखेत काडीने टोकरून शोधायच्या, हात भाजत सोलायच्या, मीठ-लिंबू. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हे आम्ही चुलीत करायचो, तुम्हाला आत्ता कळलं होय?"

सॉसेज फक्त दहा. रात्रभर फ्रीजमध्ये, पाण्यातून दहा मिनिटं, पुसून, तेल लावून. एकही फुटलं नाही. रंग असा आला की मी आधी फोटो काढला आणि मग उलटली, त्यामुळे एका बाजूने जरा गडद. सहा जाळीवर संपवली, चार लोखंडी तव्यात द्राक्षांबरोबर. गंगापूर रोडला हातगाडीवर सुटे काळे मणी मिळाले. खरं सांगू का, रस सुटायला लागला तेव्हा वास इतका विचित्र आला की मी घाबरलो. मग तो आटला, चरबीत मिसळला, मी जरा जास्त मिरपूड मारली. मेहुण्यांनी पहिला घास घेतला आणि काही बोलले नाहीत. दुसरा घेतला. मग तवाच ओढून घेतला आणि भाकरीने पुसून काढला. द्राक्षबाग, तुम्हाला घरी जेवायला बोलावणं आहे.

सासूबाईंनी विचारलं, हे मणी सॉसेजशिवाय होतात का? दुसऱ्या तव्यात तेल, मिरपूड आणि लिंबावर करून दिले. त्या म्हणाल्या, यात गूळ नाही घातलास ना? नाही म्हटलं. मग शांतपणे वाटीभर खाल्ले.

वांगं या वेळीही शेवटी ठेवलं. विसरायचा प्रयत्न केला, पण मुद्दाम विसरता येत नाही, चार वेळा जाऊन उलटलं. मागच्या वेळेइतकं चांगलं झालं नाही.

आता एकच प्रश्न उरला. जाळीला चिकटलेलं निघत नाहीये, तारेची घासणी लावू का?

शेगडीकाकू
तार तुटून जाळीत अडकते आणि मग पोटात जाते. पुढच्या वेळी जाळी गरम असतानाच अर्ध्या कांद्याने घासा. आत्ता नारळाची शेंडी आणि तीच राख.

चिंगळी
कांदा उन्हाळी घ्या.